भिमाजी ड्रायव्हरचा बोलका खांब

नारायणगावच्या जीप स्टँडवर भिमाजी ड्रायव्हरला दोन गोष्टींसाठी मान होता. एक म्हणजे त्याच्या जीपमध्ये एकूण किती माणसं मावतात, याचा अंदाज अजून कुणालाच लागला नव्हता. गाडी भरली असं सगळ्यांना वाटे, तेव्हा भिमाजीला आत आणखी दोन सीटा रिकाम्या दिसत. "सरका राव जरा, पावणं उभं हायेत," असं म्हणून तो हवेतून जागा काढी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कपारेश्वराच्या डोंगराविषयी त्याला असलेली इत्थंभूत माहिती.

जुन्नरच्या पुढे, रस्ता संपतो तिथे कपारेश्वराचा डोंगर आहे आणि डोंगरावर काळ्या दगडाचं फार जुनं देऊळ आहे. दर रविवारी भिमाजी पुण्याकडचे हौशी लोक जीपमध्ये घालून पायथ्याला नेई, आणि वाटेत त्यांना देऊळ दाखवी. म्हणजे तोंडानं. कुठल्या वळणावर धाप लागते, कुठल्या कड्यावरून वारा टोपी पळवतो, नंदीचा कुठला कान तुटलाय, सगळं. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस देवळातच जन्माला आला असावा आणि नाइलाजानं खाली येऊन जीप चालवत असावा.

या सगळ्या माहितीत एकच बारीकशी अडचण होती. भिमाजी त्या डोंगरावर आयुष्यात कधी चढला नव्हता.

चढणार कसा? लोक वर गेले की गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं, आणि थांबल्यावर झोपायलाही हवं. शिवाय चालण्याबद्दल त्याची मतं ठाम होती. चालतो तो, ज्याची गाडी बंद पडली आहे. घरापासून चौकातल्या न्हाव्याकडेसुद्धा तो जीप काढून जाई. मग माहिती कुठून येई? तर संध्याकाळी उतरून आलेले लोक परतीच्या वाटेवर जे बोलत, ते भिमाजी आरशात बघत बघत ऐके, आणि पुढच्या रविवारी चढणाऱ्यांना सांगे. सांगताना पदरचं थोडं घाली. रश्श्यात मसाला घालतात तितकंच.

बोलका खांब मात्र पूर्ण पदरचा होता. फार वर्षांपूर्वी ओतूरच्या अलीकडे टायर बसला. निजाम तेव्हा भिमाजीचा क्लिनर होता. तो जॅक लावून खाली घुसला होता, आणि उन्हात उभे असलेले पाहुणे चिडायला लागले होते. त्यांना गुंतवून ठेवायला भिमाजी म्हणाला, "देवळात डाव्या अंगाला तिसरा खांब हाय. त्याला कान लावायचा आन् डोळं मिटायचं. देव आपल्याबद्दल काय म्हन्तो ते ऐकू येतं." गाडीखालून निजामचा पाना खाली पडल्याचा आवाज आला. पण पाहुणे गप्प झाले, आणि त्या दिवसापासून तो खांब भिमाजीच्या प्रत्येक फेरीत बोलू लागला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आरतीचं लग्न झालं.

आरती ही भिमाजीची एकुलती एक लेक, आणि जीपमधल्या त्या सगळ्या गोष्टींवर जगात कुणाचा पूर्ण विश्वास असेल तर तिचा. ती आळ्याला नांदायला गेली आणि महिन्याभरात तिनं सासरच्यांना कपारेश्वर तोंडपाठ करून दिला. मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिचा फोन आला.

"पप्पा, आमच्या आईंना आणि अण्णांना कपारेश्वर बघायचाय. रविवारी पाठवते. मी सांगितलंय, माझे पप्पा शंभर वेळा वर गेलेत. डोळे झाकून नेतील."

भिमाजीच्या डोळ्यांपुढे अंधारीच आली, म्हणजे डोळे झाकण्याची तयारी तिथूनच सुरू झाली.

"मंग सांगून टाका की खरं," त्याची बायको चिमाबाई बेसन चाळता चाळता म्हणाली. तिला खरं काय ते ठाऊक होतं, कारण नवऱ्याला जिना चढताना तिनं पाहिलं होतं.

"सांगून टाकू? अगं, पोरीनं सासरी छाती ठोकून सांगितलंय. उद्या तिनं जरा कुठं काय सांगितलं की म्हन्तील, बापाचीच लेक तू. जनमभर ऐकावं लागंल तिला."

चिमाबाई पुन्हा बेसन चाळू लागली. नवऱ्याचा मान गेला असता तर तिला विशेष वाटलं नसतं, तो अधूनमधून जातच असे. पण लेकीच्या शब्दाचा प्रश्न होता.

भिमाजीनं मंचरला जाऊन पांढरेशुभ्र नवे बूट आणले आणि ते घालून तो थेट निजामच्या दुकानात गेला. निजामचं आता स्वतःचं पंक्चरचं दुकान होतं आणि जोडीला वेल्डिंगही होतं. देवळापुढच्या कड्याला जो लोखंडी कठडा आहे, तो निजामनंच जोडलेला. जनरेटर माणसांच्या खांद्यावर घालून वर नेला होता. त्या कामात इतक्यांदा वर-खाली केलं होतं, की कपारेश्वराची वाट त्याला घरच्या अंगणासारखी पाठ होती.

"तू पुढं चाल अन् मला दाखव," भिमाजी म्हणाला.

"उस्ताद, मी पुढं चाललो तर व्याही काय म्हन्तील? शंभर वेळा गेलेल्या मानसाला वाट दावायला पंक्चरवाला?" निजामनं पान्यानं कानामागे खाजवलं. "तुमीच पुढं चाला. मी मागनं ठोके देतो."

बस्स. दोघांचेही चेहरे एकदम वीस वर्षांनी तरुण झाले. क्लिनर असताना निजाम जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून पत्र्यावर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्यात आता एकाची भर घातली, तीन म्हणजे चुकलास, माघारी वळ. फाटा आला की भिमाजीनं निसर्ग बघितल्यासारखं करून एका वाटेकडे तोंड करायचं आणि ठोक्यांची वाट बघायची. पत्रा म्हणून रश्श्याची किटली घ्यायची ठरली, ठोकायला निजामचा पाना होताच. चिमाबाई मासवड्या करणार होतीच, आणि त्यांच्या रश्श्यासाठी घरात दुधाची ॲल्युमिनियमची किटली होती.

रविवारी सकाळी व्याही-विहीण आळेफाट्यावरून आले. व्याही सावळाराम कांद्याचे मोठे बागायतदार, गोरेपान, पोट पुढे, आणि बोलायला लागले की विहिरीवरची मोटर सुरू झाल्यासारखं. विहीण साळुबाई त्यांच्या अगदी उलट. ती फारशी बोलत नसे, बघत असे. जीपमध्ये बसतानाच तिनं भिमाजीच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

पायथ्याला पोचल्यावर भिमाजी सवयीनं पाच मिनिटं उभाच राहिला.

"काय झालं व्याही?" सावळाराम म्हणाले.

"काय न्हाई. आनखी कुनी येतंय का बघतो." मग भानावर येऊन तो म्हणाला, "चला, भरली गाडी."

किटलीवर दोन ठोके पडले. रश्श्यानं काठोकाठ भरलेली असल्यामुळे किटलीचा आवाज जरा गंभीर येत होता. भिमाजीनं कमरेवर हात ठेवले आणि तो डोंगर चढू लागला.

पहिलं टेकाड त्यानं केवळ इज्जतीच्या जोरावर पार केलं. दुसऱ्या टेकाडाला इज्जत कमी पडली. छाती भात्यासारखी चालू लागली, आणि गाडीला गिअर असतात तसे माणसाला का नसतात, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला. पण थांबायचं कसं? शेवटी तो एका खडकापाशी वळला आणि हात पसरून म्हणाला, "हितनं बघा. हितनं बघायचं असतं."

सगळ्यांनी बघितलं. खाली पिवळं गवत वाऱ्यानं लवत होतं, धरणाचं पाणी चकाकत होतं आणि दूरवर शेडनेटचे पांढरे चौकोन वाळत घातलेल्या धोतरांसारखे पसरले होते.

"केदारनाथला बी असंच हाय," सावळाराम खडकाला टेकत म्हणाले. त्यांचाही दम चांगलाच फुलला होता. "आमी गेलतो तवा. ह्याच्यापेक्षा चढ मोठा. पर घोडं न्हाई केलं. चालत."

"व्हय का?" भिमाजी आदरानं म्हणाला. साळुबाईला त्या वेळी जोराचा खोकला आला.

"बिबट्या न्हाई ना व्हो हितं?" सावळारामांनी झाडीकडे पाहून विचारलं.

"बिबटे कशाला येतील वर? त्ये सगळं खाली उसात ऱ्हायला गेलं. वर काय खात्याल? तुमच्या शेतापेक्षा हितं निवांत."

हे उत्तर मात्र खरं होतं, आणि ते देताना भिमाजीला फार बरं वाटलं.

पहिल्या फाट्याला तो डावीकडे तोंड करून उभा राहिला. तीन ठोके. "डावीकडं काय न्हाई, नुसतं गवत हाय," असं म्हणत तो उजवीकडे वळला. दुसऱ्या फाट्याला पहिल्याच झटक्यात दोन ठोके पडले. चिमाबाई डोक्यावर मासवड्यांचा डबा घेऊन खालमानेनं चालली होती. तिचे खांदे मधूनच हलत होते. ते धापेनं नव्हे, हसण्यानं.

"निजामभाऊ, किटली कशाला वाजवता सारखी?" सावळारामांनी विचारलं.

"जनावर दूर ऱ्हातं पावणं."

"आन् व्याही म्हन्तात जनावरच न्हाई!"

"न्हाई म्हनूनच. ठोक्यामुळं."

तिसऱ्या फाट्याला घोटाळा झाला. झाडीत आवळ्याचं एक झाड चांगलं लगडलं होतं. निजाम किटली खाली ठेवून खिशात आवळे भरत मागे राहिला. भिमाजी फाट्यावर येऊन एका अरुंद वाटेकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा राहिला. नेमका त्याच वेळी साळुबाईच्या चपलेत खडा गेला. तिनं चप्पल काढली आणि कातळावर दोनदा आपटली. टक. टक.

झालं. भिमाजी निघाला, आणि इतक्या खात्रीनं निघाला की सगळे त्याच्यामागे ओढले गेले. वाट कड्याच्या पोटाला चिकटून जात होती, कारवीची वाळकी खोडं अंगाला लागत होती. बरंच पुढे गेल्यावर मागे कुठून तरी किटलीचा ठणठणाट ऐकू आला. तीन, तीन, पुन्हा तीन. त्यानं मान वर केली. पुढे वाटच नव्हती. कडा होता.

"हितं कुठं देऊळ?" सावळाराम म्हणाले.

भिमाजी हात मागे बांधून पुन्हा निसर्ग बघू लागला. तेवढ्यात चिमाबाई कड्याच्या बाजूनं दोन पावलं सरकली आणि म्हणाली, "अगं बया!"

कड्याच्या पोटात एक चौकोनी दार कोरलेलं होतं, आणि दाराआड पाण्याचं टाकं. कुणा जुन्या माणसांनी छिन्नी चालवून केलेलं. पाणी इतकं नितळ होतं की तळाशी पडलेलं पान हातानं उचलता येईलसं वाटत होतं. बाहेरच्या उन्हाचा एक तुकडा त्या पाण्यावर पडून वरच्या दगडात नाचत होता.

"ह्ये..." भिमाजी म्हणाला. "ह्ये मी कुनाला दाखवत न्हाई."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

सावळाराम ओंजळीनं पाणी प्यायले. पाणी असं गार की त्यांची मोटर थोडा वेळ बंदच पडली. मग म्हणाले, "व्याही, मानलं तुमाला. बाकीचे गाईड मानसाला सरळ देवळात नेत्यात. तुमी आदी पानी पाजलंत." मागून धापा टाकत आलेल्या निजामनं भिमाजीकडे बघून कपाळाला हात लावला. साळुबाई टाक्याकडे बघत होती, भिमाजीकडे बघत होती, आणि मग हातातल्या चपलेकडे बघून तिनं ती सावकाश पायात घातली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा देऊळ दिसलं.

इतकी वर्षं भिमाजीनं ते देऊळ इतक्यांना दाखवलं होतं की आता त्यात नवीन काय बघायचं, असं त्याला वाटत होतं. पण उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. आत काळोख होता, आणि काळोखाला तेलाचा, बेलाचा, ओल्या दगडाचा गार वास होता. दगडावर दगड ठेवून उभं केलेलं सगळं. मधे चुना नाही, माती नाही, आणि तरी केवढ्या काळापासून उभं. खांबांच्या टोकाला बुटके बुटके दगडी यक्ष बसलेले. पोट सुटलेले, गाल फुगलेले, एकमेकांना खेटून, हातांनी वरचं छत धरून. भिमाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. हे तर त्याच्या जीपमधले शेवटच्या फेरीचे लोक होते! तीच बैठक, तेच टपाला लावलेले हात, आणि उतरायचं ठिकाण कधी येणार हा तोच चेहऱ्यावरचा प्रश्न. त्याला एकदम वाटलं, हे घडवणारा कारागीर आपल्याच धंद्यातला असणार. त्यानंही शेवटी दोन सीटा हवेतून काढल्या असणार.

त्याचे डोळे भरून आले. का, ते त्याला कळेना. नंदीच्या तुटक्या कानावरून त्यानं हात फिरवला. कान खरंच तुटलेला होता. ते मात्र खरं निघालं.

"याऽऽ पावणं," आतून म्हातारा गुरव आला. देवाची पूजाअर्चा त्याच्याकडेच होती. "दर्शन झालं की डाव्या अंगाचा तिसरा खांब इसरू नका. कान लावायचा, डोळं मिटायचं. देव आपल्याबद्दल काय म्हन्तो ते ऐकू येतं."

निजामचा पाना खाली पडला. या वेळी देवळात पडल्यामुळे आवाज चांगलाच घुमला.

"ह्ये कुनी सांगितलं तुमाला?" भिमाजीनं कसंबसं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? माज्या आज्याच्या वेळंपासून चालत आलेलं हाय."

भिमाजी खांबापाशी गेला. माणसाच्या कानाच्या उंचीवर दगड गुळगुळीत झाला होता. तळहाताएवढा डाग, डोक्याच्या तेलानं काळाभोर चकाकणारा. इतकी वर्षं त्यानं जीपमधून पाठवलेले कान एकेक करून इथे येऊन टेकले होते. सगळ्यांनी त्याचं ऐकलं होतं. खाली तो गाडीत घोरत पडलेला असताना वर त्याची थाप अशी दगडात उतरत होती.

सावळारामांनी कान लावला आणि डोळे मिटले. "गुरगुर ऐकू येती," ते गंभीरपणे म्हणाले.

"ती भूक हाय," साळुबाई म्हणाली. "चला, जेवाय बसू."

ओवरीत पंगत बसली. मासवड्या, बाजरीची भाकरी, कांदा, आणि इतके ठोके खाऊनही जिवंत राहिलेला तिखटजाळ रस्सा. गुरवही बसला. निजामनं आवळे वाटले. सावळारामांनी तीनदा रस्सा मागितला, नाक पुसत पुसत केदारनाथची खिचडी याच्यापुढे काहीच नाही असं जाहीर केलं, आणि कठड्यापाशी आडवे झाले.

भिमाजी मात्र हळूच उठून आत गेला. देवळात कुणी नव्हतं. तिसऱ्या खांबाला टेकून तो खाली बसला. नवे बूट काढून बाजूला ठेवले, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्या गुळगुळीत डागाच्या जरा खालीच कान लावला. स्वतःचीच थाप, पण खात्री करायला काय हरकत होती? दगड गार होता. त्यानं डोळे मिटले.

आणि देव बोलला.

"विहीणबाई, एक इचारू? रागवायचं न्हाई," देव म्हणाला. "व्याही पयल्यांदाच आलेत न्हवं वर?"

भिमाजीचे डोळे खाडकन उघडले. खांबापलीकडे भिंतीला दगडी झरोका होता, आणि झरोक्याबाहेर ओवरीत दोन्ही विहिणी भांडी घासत बसल्या होत्या. संपलं. आता हे आळ्यात जाणार, आरतीच्या कानावर जाणार. तो हलला नाही. हलताच आलं नाही.

राख घासल्याचा आवाज आला. मग चिमाबाईचा. "तुमाला कवा कळलं?"

"सकाळी जीपमदी. बुटाच्या तळाला किमतीचं लेबल तसंच हाय. शंभर वेळा चढलेल्या मानसाच्या पायात असलं व्हय? मंग ते ठोके. माज्या चपलीवर निघालं की हो ते! मी मनात म्हनलं, बाई, आता दुसरी चप्पल काढू नको, न्हायतर ह्यो मानूस कड्यावरनं जाईल."

चिमाबाईला हसू आवरेना. साळुबाईलाही आवरेना. दोघी हसता हसता एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या असं वाटलं.

"अण्णांना सांगनार?" अखेर चिमाबाईनं विचारलं.

"त्यांना? आवो, आमचं केदारनाथ म्हाईत हाय का तुमाला? समदा गाव ऐकून ऐकून दमला. ह्ये हरिद्वाराला गुडघा धरून लॉजवर बसलं व्हतं. मी गेलते बायकांबरूबर. परत आल्यावर मलाच इचारून घेतलं वर काय काय हाय ते."

भिमाजीनं तोंडावर हात दाबून धरला.

"आन् आरतीला?" चिमाबाईचा आवाज बारीक झाला.

"मला काय याड लागलंय? तिचा बाप शंभर वेळा गेलाय, जाऊ द्या की. आन् खरं सांगू का? आत पाऊल टाकताना त्यांचं तोंड बगितलं मी. लेकरागत झालं व्हतं. आरती आमच्याकडं पयल्या दिशी विहिरीतलं कासव बगायला वाकली ना, तवा तिचं तोंड हुबेहूब असंच. थापा मारतो मानूस, पर कुनाला बुडवाय न्हाई, रमवाय. पोरगी बी तशीच हाय. घर कसं भरल्यावानी वाटतंय आमचं."

भिमाजी खांबाला तसाच कान लावून बसून राहिला. वरचे यक्ष गाल फुगवून त्याच्याकडे बघत होते. त्याचे स्वतःचे गालही तसेच फुगले होते, कारण हसू दाबायचं होतं आणि डोळ्यांतलं पाणीही. थोड्या वेळानं त्यानं खिशातून किल्ली काढली, बुटाच्या तळाचं लेबल खरवडून काढलं आणि बोटानं गोळी करून खिशात टाकलं. मग घसा खाकरून, जोरात जांभई देऊन तो बाहेर आला.

"बोलला का देव?" साळुबाईनं विचारलं. तिचा चेहरा अगदी साधा होता.

"बोलला तर."

"काय म्हन्ला?"

"म्हन्ला, मानसं लई चांगली जोडलीस."

साळुबाई पातेलं पालथं घालायला वळली, ती बराच वेळ वळलेलीच राहिली.

उतरताना भिमाजी मुद्दाम मागे राहिला. "व्याही, आता तुमी व्हा पुढं. केदारनाथ चालत केलेला मानूस तुमी, तुमाला उताराचं काय?"

सावळाराम दचकले. पण इज्जत त्यांनाही होतीच. ते पोट सावरत पुढे झाले, आणि पहिल्याच फाट्यावर हात मागे बांधून निसर्ग बघत उभे राहिले. भिमाजीनं निजामकडे पाहिलं. निजामनं रिकाम्या किटलीवर दोन ठोके दिले. आता ती घंटेसारखी खणखणली. सावळारामांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पाय आपोआप चालू लागले.

पायथ्याला पुण्याची चारपाच मंडळी परतीसाठी गाडीची वाट बघत होती. वर जायचं त्यांचं राहूनच गेलं होतं. जीप बघून ती धावत आली.

"सरका राव जरा," भिमाजी म्हणाला आणि हवेतून त्यांच्यापुरती जागा काढली. सगळे खेटून बसले, हात टपाला लावले. भिमाजीनं आरशात बघितलं आणि त्याला देवळातल्या खांबाचं टोक दिसलं.

"काका, वर बघण्यासारखं काय आहे?" त्यांच्यातल्या एकीनं विचारलं.

भिमाजीनं तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सगळं डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि कुठून सुरू करावं तेच सुचेना.

"डाव्या अंगाचा तिसरा खांब," मागच्या सीटवरून साळुबाई म्हणाली. "बोलतो. आमच्या व्याह्यांनी सोता ऐकलंय. आन् वाटंत एक टाकं हाय, ते समद्यांना दिसत न्हाई. तिथं जायाचं आसंल तर फाट्यावर चप्पल काढायची आन् दगडावर दोन येळा आपटायची. पयल्यापासनंची रीत हाय ती."

मागच्या फळीवर उभ्या असलेल्या निजामच्या हातून पाना सुटता सुटता राहिला. मग त्यानं तो घट्ट धरला आणि पत्र्यावर दोन ठोके दिले.